शवासनाची दहा मिनिटं

सकाळच्या योगवर्गातून सगळ्यात जास्त बायका उठून जातात त्या शवासनाच्या वेळी. सूर्यनमस्कार होतात, कपालभाती होते, आणि शिक्षिका ‘आता पाठीवर झोपा’ म्हणाल्या की मागच्या रांगेत सतरंज्या गुंडाळायला सुरुवात होते. कुणाचा डबा राहिलेला असतो, कुणाकडचं पाणी साडेसातला जातं, कुणाच्या सासूबाईंची गोळीची वेळ झालेली असते. थांबतात त्यांतल्याही बऱ्याच जणी मनात कुकर लावत असतात. घाम गाळला तर व्यायाम, नुसतं पडून राहिलं तर आळस, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे. वर्गात भरणा असतो तो पंचेचाळीस ते पंचावन्नच्या बायकांचा. म्हणजे या दहा मिनिटांची गरज ज्यांना जास्त, त्याच आधी उठतात.

पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचं सरासरी वय 51 च्या आसपास आहे; आपल्याकडे ते 46-47. शेवटच्या पाळीनंतर बारा महिने उलटले की डॉक्टर रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, पण त्रास त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. भर थंडीत मानेपासून वर चढणाऱ्या गरम वाफा, पहाटे तीनला घामाने ओला झालेला गाउन, उगाच धडधडणारी छाती, आणि झोपमोड झाल्यामुळे दिवसभर होणारी चिडचिड. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे शरीराचं तापमान सांभाळण्याचं काम असतं. एरवी तापमान जरासं वरखाली झालं तर तो लक्ष देत नाही. इस्ट्रोजेन उतरलं की त्याची ही सहनशक्ती आक्रसते. मग किंचित ऊब वाढली तरी तो त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम सोडतो. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट फ्रीडमन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. ताणाच्या वेळी पेटून उठणारी सिंपथेटिक मज्जासंस्था यात हात घालते, असं त्यांचं म्हणणं. ती शांत केली तर वाफाही कमी होतील, या विचाराने त्यांनी काही बायकांना संथ श्वास घ्यायला शिकवलं, आणि 1992 मध्ये वाफा कमी झाल्याचे निष्कर्ष छापले.

अंग सैल सोडण्याकडे उपचार म्हणून पाहण्यात आपणही मागे नव्हतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी 1969 मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून तो एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकात मांडला. लोणावळ्याच्या कैवल्यधामाशी संबंधित डॉ. विनेकर त्यांचे सहलेखक होते. एका हृदयरोगतज्ज्ञाने शवासन गंभीरपणे घेतलं त्याला अर्धं शतक उलटून गेलं; आपल्या वर्गांत मात्र ते अजून ‘शेवटी वेळ उरला तर’ या खात्यात आहे.

रजोनिवृत्तीच्या बाबतीत मला सगळ्यात पटणारी पद्धत स्वीडनमधली आहे. तिचं मूळ एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरच्या 1929 च्या पुस्तकात सापडतं. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे सैल असणं म्हणजे काय हे अंगालाच कळतं, ही त्याची कल्पना. पुढे लार्स-ग्योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तिला रोजच्या जगण्यात आणलं. पहिले काही दिवस आवळणं-सोडणं: मुठी, दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. ते जमलं की आवळणं बंद, नुसतं सोडायचं. मग श्वास सोडताना मनात एखादा ठरलेला शब्द म्हणायचा. ‘सैल’ म्हणा, ‘राम’ म्हणा, काहीही चालेल; काही आठवड्यांत तो शब्द आला की खांदे आपोआप खाली येतात. त्यानंतरची पायरी मला फार आवडते. चालता-बोलता, काम करता करता, ज्या अवयवाची त्या कामाला गरज नाही तो सैल ठेवायचा. भाजी चिरायला बोटं लागतात, मनगट लागतं. आवळलेला जबडा आणि कानापर्यंत चढलेले खांदे कशाला लागतात? शेवटी वीस-तीस सेकंदांत, उभ्या उभ्या अंग सोडता यावं इथपर्यंत मजल जाते. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा बँकेच्या खिडकीशी वाफ चढू लागली की पदराने वारा घेण्याआधी हे करता येतं, आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

लिन्शोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत पाळी गेलेल्या साठ बायकांवर तपासली आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले. आठवड्याला एक अशी दहा सत्रं, बाकी घरी सराव. शिकलेल्या गटात दिवसाच्या सरासरी नऊ वाफांच्या साडेचारच्या आत आल्या. काहीच न शिकवलेल्या गटात त्या जेमतेम दोनने उतरल्या.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख व्हॉट्सॲपवर छान फिरला असता. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका मोठ्या चाचणीत संथ श्वासाची तुलना उथळ, जलद श्वासाशी केली गेली, आणि वाफांच्या बाबतीत संथ श्वास सरस ठरला नाही. 2014 च्या एका अमेरिकी चाचणीत योगाने वाफा कमी झाल्या नाहीत. झोप मात्र सुधारली. 2023 मध्ये उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने हार्मोनखेरीजच्या उपायांचा आढावा घेतला. त्यात वाफांसाठी संमोहन-उपचार आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी यांची शिफारस आहे. संथ श्वसन, योग आणि शिथिलीकरण ‘शिफारस नाही’च्या यादीत आहेत.

मला हा आढावा मान्य आहे. स्वीडनची चाचणी लहान होती, आणि आपल्याला काही मिळत नाहीये हे दुसऱ्या गटातल्या बायकांना माहीत होतं; अशा वेळी नुसत्या आशेनेही आकडे हलतात. तरीही शवासनाची बाजू मी सोडत नाही. या चाचण्या मुख्यतः वाफांची संख्या मोजतात. तीनला जाग आल्यावर बाईला छळते ती वाफ दोन-चार मिनिटांत ओसरते. पुढचे दोन तास छळतो तो ‘आता उद्या ऑफिसात कसं होणार’ हा घोर. अंग सोडण्याचा सराव तिथे उपयोगी पडतो. शिफारस झालेल्या थेरपीच्या बायकांसाठीच्या कार्यक्रमांतही संथ श्वास शिकवला जातो, आणि त्या थेरपीचा भर वाफांची संख्या घटवण्यापेक्षा त्यांचा जाच कमी करण्यावर असतो. वाफा तेवढ्याच, पण त्यांची दहशत कमी, हा फायदा मला लहान वाटत नाही.

मात्र शिथिलीकरण हे बाईला गप्प बसवायचं साधन होता कामा नये. ‘तू टेन्शन फार घेतेस, जरा ध्यान कर’ हे वाक्य नवरा म्हणतो, कधी डॉक्टरही म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो. योनीचा कोरडेपणा शवासनाने जात नाही, हाडांची झीज थांबत नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, श्वासाचं नंतर बघू. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बाईला हार्मोन उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची आठवण इथे येतेच. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तेव्हा तिथल्या तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं समोर आलं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले असतील, तर तिशीतच एका दिवसात रजोनिवृत्ती येते. खाडा झाला की पैसे कापले जाणाऱ्या त्या बाईला ‘रोज वीस मिनिटं डोळे मिटून पडा’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

ज्यांच्या घरात वीस मिनिटं निघू शकतात, त्यांनी ती घरच्यांकडून मागून घ्यावीत. दार बंद, फोन बाहेर. दारावरची बेल आणि दूधवाला ही त्या वेळात दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी. पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या. सराव दिवसा करा, कारण पहाटे तीनला घामाघूम अवस्थेत नवीन काही शिकता येत नाही; शिकलेलं फक्त वापरता येतं. मोबाइलवरची योगनिद्रा ऐकायची तर जरूर ऐका, पण काही आठवड्यांनी आवाजाशिवाय जमतंय का ते पाहा, कारण लोकलमध्ये इयरफोन शोधेपर्यंत वाफ येऊन गेलेली असते. वाफा मोजत बसू नका. वहीत रोज एवढंच लिहा: रात्री किती वेळा उठले आणि पुन्हा झोप लागायला किती वेळ गेला. दोन-तीन महिन्यांत त्या दुसऱ्या आकड्यात फरक पडला नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी ‘या वयात हे असंच असतं’ म्हटलं तर डॉक्टर बदला.