बॉनेटमधला झरोका

आमचे सांबरा गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते विमानतळामुळे. बेळगावहून पूर्वेस दहा-अकरा किलोमीटर आले की एका बाजूस हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि दुसऱ्या बाजूस ज्वारीची शेते, असा आमचा संसार. आमच्या शाळेतली मुले कवितेच्या तासाला डोक्यावरून विमान गेले की हटकून खिडकीकडे पाहतात आणि मीही त्यांना फारसे रागवत नाही. परंतु यंत्रांशी माझा संबंध एवढाच. आयुष्यभर हातात खडू धरलेला मी मराठीचा मास्तर. पत्रा, कानस आणि करवत यांविषयी लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. तो आला, त्याची ही हकीकत.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर 'दादा' म्हणत असे, त्यांची एक प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला आमच्याकडे कोणी पद्मिनी म्हटले नाही. ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. तिचे उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षे लोटली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले. ते वाचावयास दादा नव्हते. त्यांच्यामागे गाडी दोन वर्षे पडवीत झाकून होती. पुढे पुतण्याने ती पुन्हा चालती केली. तो आयटीआय शिकलेला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला आहे.

गाडी सुरू झाली, पण उन्हाळ्यात तिने एक हट्ट धरला. वहिनींचे माहेर निपाणीचे. तिकडून परतताना तवंदीचा आणि वंटमुरीचा असे दोन घाट चढावे लागतात. मे महिन्याच्या दुपारी घाट चढून गाडी चहाला थांबविली की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नसे. याचे कारण पुतण्याने मला समजावून सांगितले. या गाडीचा पेट्रोल-पंप इंजिनालाच जोडलेला असतो. गाडी धावत असते तोवर वारा लागतो. थांबली की बॉनेटखाली उष्णता कोंडते, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफ ढकलू शकत नाही. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून बसत. दादाही बसत.

"काका, बॉनेटला झरोका पाडला तर कोंडलेली हवा वर निघून जाईल," पुतण्या म्हणाला. "घरीच कापतो. दोन तासांचे काम."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्या पत्र्यावरून यांनी तीस वर्षे रोज सकाळी फडके फिरवले, त्यावर तू करवत चालवणार?" आणि आत गेल्या. त्या दिवशी मायलेकरे एकमेकांशी बोलली नाहीत.

घरातला वडीलधारा म्हणून निवाडा माझ्याकडे आला. पाटीवरचे पुसता येते, कापलेला पत्रा पुसता येत नाही, इतके मलाही कळत होते. म्हणून मी पुतण्याला विचारले, "कापणे खरोखर आवश्यक आहे काय?" तो प्रामाणिक मुलगा आहे. त्याने आधी रेडिएटर धुऊन घेतला, पंख्याचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट तपासला. इंजिन तापणे निम्म्यावर आले. मात्र थांबल्यानंतरची कोंडी राहिलीच. अनेक जण येथेच चुकतात. रेडिएटर चोंदलेला असतो आणि शिक्षा बॉनेटला होते.

दुसरा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार निर्मात्याने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. तेव्हा करवत हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन, आराखडा दाखवून, विचारून यावे. पुतण्या तसे विचारून आला, मगच मी पुढचे बोललो.

तिसरा प्रश्न होता, कोठे कापावयाचे? मला वाटले होते, काचेजवळ, जिथे दिसणार नाही तिथे. पण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब अधिक असतो. तेथे भोक पाडले तर हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात दाब कमी असतो. गरम हवेला तीच वाट सोयीची. खात्रीसाठी पुतण्याने लोकरीचे बोटभर धागे बॉनेटवर चिकटपट्टीने लावले, मला चालवावयास बसविले आणि स्वतः शेजारी बसून धागे कोठे पाठीमागे सरळ लोळतात नि कोठे उलटे फिरतात हे टिपून घेतले. लोकर वहिनींच्या विणकामाच्या पिशवीतली होती. त्यांनी ती दिली, पण बोलल्या नाहीत.

चार दिवसांनी जेवताना त्याच म्हणाल्या, "भावोजी, जुन्या बाजारात दुसरे बॉनेट मिळत नाही का?"

इतकी साधी गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांना सुचली नव्हती. कोल्हापुरात जुन्या भागांच्या एका दुकानात तसे बॉनेट मिळाले. रंग उडालेले, पण पत्रा निरोगी. दादांचे बॉनेट गोधडीत गुंडाळून माळ्यावर गेले. घरातले बोलणे पुन्हा सुरू झाले.

मग एका रविवारी अंगणात काम झाले. 'दोन तासांचे काम' सकाळी आठाला सुरू होऊन दिवेलागणीला संपले आणि त्यात प्रत्यक्ष कापण्याची वीस मिनिटेही नव्हती. बॉनेट आधी पालथे करून आतल्या आधाराच्या फासळ्या पाहिल्या, कारण त्यांना धक्का लागला तर सारा पत्रा थरथरू लागतो. बिजागरी आणि कुलपाजवळची जागा तर सोडायचीच. मध्यरेषा आखली. पुठ्ठ्याचा नमुना कापून, ठेवून, चार पावले मागे जाऊन पुन्हा पुन्हा पाहिला. खुणेच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली. तिच्यावर पेन्सिलीची रेघ स्पष्ट दिसते आणि रंगावर ओरखडे उठत नाहीत. मग पंचाने टोचे मारून चारही कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोके पाडली.

मी म्हटले, "कोपरे काटकोनात कापले तर अधिक रेखीव दिसेल." पुतण्याने विमानतळाकडे बोट दाखविले. "काका, कॉमेटचे काय झाले?"

कॉमेट हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान. १९५२ साली ते सेवेत आले आणि जानेवारी व एप्रिल १९५४ मध्ये दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. इंग्लंडात फार्नबरो येथे तसेच एक विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या आतला दाब हजारो वेळा वाढविला नि उतरविला, तेव्हा पत्र्यात कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी तो फाटला. १८९८ सालीच कीर्श या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले होते की, ताणलेल्या पत्र्यात साधे गोल भोक असले तरी त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. कोपरा जितका तीक्ष्ण, तितका ताण अधिक. बॉनेटवर विमानाएवढा भार नसतो हे खरे. पण आमच्या रस्त्यांवरचे हादरे वर्षानुवर्षे बसत राहिले की टोकदार कोपऱ्यातून बारीक चीर निघते आणि ती थांबत नाही.

कापण्यासाठी त्याने बारीक दातांचे पाते लावलेली विजेची करवत वापरली. ग्राइंडर लवकर कापतो. पण त्याच्या ठिणग्यांनी भोवतालचा रंग जळतो आणि त्या काचेत रुतून बसतात. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, म्हणून खाली लाकडी फळी दाबून धरली. ते काम माझे. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा होता. मास्तरलाही सूट नव्हती. रेघेच्या किंचित आतून कापून उरलेले कानशीने घासत रेघेपर्यंत आणले. शेवटी कडेवरून बोट फिरविले तर कोठे टोचले नाही. उघड्या कडेला त्याच दिवशी प्रायमर लावला, कारण बेळगावच्या पावसाला गंज चढवायला आठवडाही पुरतो. झरोक्यावर मागे तोंड केलेल्या पट्ट्यांची जाळी बसविली आणि डिस्ट्रिब्यूटरवर पाणी ठिबकू नये म्हणून आतून एक लहान पन्हळ दिली.

रंग देण्यापूर्वी वहिनी बाहेर आल्या. त्यांनी झरोक्याच्या कडेवरून सावकाश हात फिरविला आणि म्हणाल्या, "यांना आवडले असते."

शाळेत आणि घरातही काही गोष्टी कधीतरी कापाव्या लागतात. त्या वेळी कोपरे गोल ठेवावेत, एवढे या वयात मी एका आयटीआय झालेल्या मुलाकडून शिकलो.

मे महिन्यात आम्ही निपाणीला जाऊन आलो. वंटमुरीचा घाट चढून चहाला थांबलो. झरोक्यावरची हवा उन्हात थरथरताना दिसत होती. चहा झाल्यावर गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. ओले फडके वहिनींनी सवयीने बरोबर घेतले होते. ते पिशवीत कोरडेच राहिले.