फॉर्मला न पटणारे वय

समजा, पंधरा दिवसांच्या बाळाला रुग्णालयात दाखवायचे आहे. मोबाइलवर नोंदणीचा फॉर्म उघडला जातो. वयाच्या चौकटीत बाप प्रामाणिकपणे शून्य लिहितो. लगेच खाली लाल अक्षरे उमटतात : ‘कृपया वय भरा’. तो पुन्हा शून्य लिहितो, फॉर्म पुन्हा तेच म्हणतो. तिसऱ्या वेळी तो १ लिहितो आणि फॉर्म मुकाट पुढे सरकतो. बाळ नोंदीपुरते एक वर्षाचे होते.

यात गूढ काही नाही. माहिती सर्व्हरकडे जाण्याआधी ती ब्राउझरमध्येच तपासण्याचे काम जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा करते. या भाषेत शून्य ही संख्या ‘हो की नाही’ अशा तपासणीत ‘नाही’ ठरते. त्यामुळे ‘वय नसेल तर अडवा’ हा घाईने लिहिलेला नियम शून्य वयालाही अडवतो. भाषेचा हा स्वभाव प्रोग्रॅमरना चांगला ठाऊक असतो. फक्त फॉर्म तयार झाल्यावर त्यात नवजात बाळ घालून पाहायचे कुणाला सुचत नाही.

मुळात ही तपासणी सोयीसाठी आली. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये दाखल झाली तेव्हा मोडेमच्या कूर्मगतीने फॉर्म सर्व्हरपर्यंत जाई आणि ‘पिनकोड राहिला’ एवढाच निरोप घेऊन परत येई. ती खेप वाचू लागली. पुढे तयार प्लगइन मिळू लागले : चौकटीला ‘आवश्यक’, ‘फक्त अंक’, ‘किमान इतकी अक्षरे’ अशा अटी लावायच्या, बाकीचे प्लगइन पाहते. अट लावणे इतके सोपे झाले, की ती लावावी का, हा प्रश्नच मागे पडला.

काही ठिकाणी अडवणे रास्तच आहे. आधार क्रमांकाच्या १२ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून व्हरहोफ या पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ते जागच्या जागी पकडता येते. पण आधार क्रमांकाची रचना कुणीतरी ठरवून दिलेली आहे. माणसाच्या नावाची तशी ती नाही. आडनाव न लावणारी माणसे देशात कमी नाहीत; ‘आडनाव आवश्यक’ म्हटले की ती टिंब देतात किंवा स्वतःचेच नाव दोनदा लिहितात. देवनागरीची गत तर आणखी मजेशीर. ‘कोणत्याही लिपीतले अक्षर चालेल’ असा नियम जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून लिहिता येतो. मात्र युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत. त्यांना वेगळी परवानगी दिली नाही, तर ‘कमल’ आत जाते आणि ‘विठ्ठल’ दाराबाहेर राहतो!

अडलेला माणूस काहीतरी रचून भरतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. एका अख्ख्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवून चालत नव्हते आणि गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. ती तडजोड मात्र सगळ्यांना माहीत होती. १ जून पाहिला की समोरचा हसून समजून घेतो. रुग्णालयाच्या संगणकातला १ असा समजून घेतला जात नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘सामान्य’ मर्यादा वयाप्रमाणे छापल्या जातात. साडेअकरा ग्रॅम हिमोग्लोबिन वर्षाच्या मुलात चालून जाते. पंधरा दिवसांच्या बाळात ते कमी ठरते. डॉक्टरांसमोर बाळ असते, त्यामुळे त्यांच्या ते लक्षात येईल. अहवाल छापणाऱ्या संगणकासमोर फक्त तो १ असतो.

इतकी सूट दिली तर कचरा भरला जाईल, हा नेहमीचा आक्षेप. पण ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो. ज्याला फसवायचे आहे तो जावास्क्रिप्ट बंद करून किंवा फॉर्मला वळसा घालून हवे ते पाठवू शकतो. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते. ब्राउझरमधल्या कडकपणाने लबाड अडत नाही. रात्री दहा वाजता कडेवर तापलेले बाळ घेऊन एका हाताने फॉर्म भरणारा बाप तेवढा अडतो.

तेव्हा तिथे अडवण्याऐवजी विचारावे. वय शून्य आले, तर ‘बाळ किती दिवसांचे आहे?’ असा पुढचा प्रश्न यावा. वय १०२ आले, तर ‘बरोबर आहे ना?’ एवढे विचारून पुढे जाऊ द्यावे. नवा फॉर्म लोकांसाठी खुला करण्याआधी त्यात पंधरा दिवसांचे बाळ, १०२ वर्षांची आजी, आडनाव नसलेला रुग्ण आणि एक विठ्ठल भरून पाहावा. अर्ध्या तासाचे काम आहे.