जहाजाच्या हिशेबात माणसाचा रकाना

जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो आणि माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के वायू जहाजांतून येतात. हे प्रदूषण घटवण्याच्या कामात कॅप्टन आणि मरीन इंजिनियर यांच्या जोडीला आता डेटा सायंटिस्टही लागतो. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी या कामात शिरावं, असं माझं ठाम मत आहे. पगार हे एक कारण झालं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे.

आधी काम समजून घेऊ. जहाजावरून रोज दुपारी बारा वाजता एक अहवाल निघतो. चोवीस तासांत किती अंतर कापलं, किती इंधन जळलं, वारा आणि लाटा कशा होत्या, हे त्यात असतं. त्याला एआयएसवरची ठिकाणाची व वेगाची नोंद आणि हवामानाची आकडेवारी जोडायची. इंधन जास्त जळलं ते वाऱ्यामुळे, वेगामुळे की तळाला शेवाळ चिकटल्यामुळे, हे वेगळं काढायचं. इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग १० टक्क्यांनी उतरवला, तर तेवढ्याच अंतराला इंधन जवळपास १९ टक्के कमी लागतं. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमांनुसार मोठ्या जहाजांना कार्बनच्या हिशेबावर दरवर्षी ए ते ई अशी श्रेणी मिळते. म्हणून कंपन्यांना हे काम येणारी माणसं हवी आहेत.

हे शिकायला कुणाची ओळख लागत नाही. संख्याशास्त्र, पायथन आणि थोडं भौतिकशास्त्र पुरतं. युरोपीय बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांचे इंधनाचे आणि कार्बनचे २०१८ पासूनचे आकडे थेटिस-एमआरव्ही या संकेतस्थळावर जहाजाच्या नावानिशी मोफत मिळतात. त्यावर स्वतःचा प्रकल्प उभा करा.

नोकरीच्या दारात मात्र ओळख लागते. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि कित्येक जागा जाहिरात येण्याआधीच आपापसात भरल्या जातात. म्हणून जो आत पोचला, त्याने मागच्याला जागांची खबर द्यावी, मुलाखतीची तयारी करून घ्यावी. हेही चळवळीचंच काम आहे.

आता ते मोठं कारण. कार्बनमध्ये ए श्रेणी मिळवलेलं जहाजही एक दिवस म्हातारं होतं. जगातली कितीतरी जुनी जहाजं गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडली जातात. तोडणारे मजूर ओडिशा, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेशातून येतात. अ‍ॅस्बेस्टॉस, तेलाचा गाळ, गॅस कटरचा धूर त्यांच्या वाट्याला. २६ जून २०२५ ला लागू झालेल्या हाँगकाँग करारानुसार जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी ठेवणं बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. पण ए ते ई या श्रेणीत त्या मजुराच्या फुप्फुसांना रकाना नाही. स्वच्छतेचा मान एकाला आणि घाण दुसऱ्याच्या हाती, ही वाटणी आपल्याला नवी नाही.

जे मोजलं जात नाही, त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. १९३१ नंतर जनगणनेतून सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. त्याची किंमत मोजणारे आपणच.

एक डेटा सायंटिस्ट कंपनीचं धोरण बदलेल का? एकट्याने नाही. पण तक्त्यात कोणते रकाने असावेत, हे कुठल्यातरी बैठकीत ठरतं. त्या बैठकीत ‘हे जहाज तोडायला कुठे जाणार, तोडणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार?’ असं विचारणारं कुणीतरी हवं. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या वहीत अंगठे उठवले. आज वही लिहिणाऱ्याची खुर्ची मोकळी आहे. तिच्यावर आपल्यापैकी कुणी बसलं, तर हा प्रश्न निदान विचारला तरी जाईल.