सेंट आयटम्समधली आजी

सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्याकडचा सगळ्यात जुना ई-मेल कोणता? आणि तो नेमका कुठे ठेवलाय, सांगता येईल? 'मेलमध्येच असेल की' हे उत्तर बाद. परवापरवापर्यंत मीही हेच उत्तर दिलं असतं. मग ईटहून मामांचा फोन आला.

'ईटला चाललेय' असं ग्रुपवर टाकलं की हमखास एखादी विचारते, 'नवं रेस्टॉरंट का गं?' नाही हो. ईट हे माझ्या आजोळचं गाव. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. मामांच्या मेलखालच्या पत्त्यात मात्र अजून 'जि. उस्मानाबाद' आहे, कारण ते मेल जिल्ह्याचं नाव बदलण्याच्या, म्हणजे २०२३च्या, कितीतरी आधीचे. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा ही इकडची खरी ओळख. मामांचं मात्र खव्याशी खाण्यापुरतंच नातं. त्यांचं दुकान एसटीडी, झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं.

'काय करायलीस?' मामा म्हणाले. 'दुकान खाली करायलोय. भंगारवाला यायलाय सोमवारी. त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये दादाची पत्रं हायेत, आन् आजीची बी. तुला पाहिजेत का?'

पत्रं म्हणजे मेल. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, २००५ साली दुबईला नोकरीला गेला. मामांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक एक्स्प्रेस सुरू केलं आणि दादाच्या कंपनीच्या पत्त्यावर मेल जायला लागले. मी तेव्हा शाळेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत ईटला. मॉडेमची ती कुईं-खर्रर्र अजून कानात आहे. इंटरनेट चालू म्हणजे फोनचं मीटर चालू. म्हणून मामांचा फंडा ठरलेला: आधी सगळं टाइप करून आउटबॉक्समध्ये ठेवायचं, मग लाइन जोडायची, जायचे ते मेल गेले, यायचे ते आले की लाइन कट.

आजीला लिहिता येत नव्हतं. ती स्टुलावर बसून सांगायची, मामा टाइप करायचे. आजी २०१३ साली गेली. तिचे फोटो मोजून पाच. आवाजाचं रेकॉर्डिंग एकही नाही.

दादाला फोन केला. तो आता मस्कतला असतो. म्हणाला, 'अगं, माझ्याकडे काहीच नाही. कंपनीचं अकाउंट होतं. नोकरी संपली, अकाउंट संपलं.' म्हणजे आजीचं जे काही उरलं होतं ते एका जागी होतं: ईटमधल्या, झालरीच्या कव्हराखालच्या, सोमवारी भंगारात जाणाऱ्या डब्यात.

मेल राहतो कुठे?

आपल्या पिढीला हा प्रश्न पडत नाही. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं तेच एक जीबी जागा घेऊन, आणि लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. तेव्हापासून मेल 'तिकडे' कुठेतरी असतो, आपण फक्त डोकावतो. त्याआधीची बहुतेक दुनिया पीओपी पद्धतीची. पोस्टात पत्र आलं, तुम्ही घरी आणलं, पोस्टातला कप्पा रिकामा. आउटलुक एक्स्प्रेस मूळ सेटिंगवर हेच करायचं: मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरून पुसायचा. मग जगात त्याची प्रत एकच, तुमच्या हार्ड डिस्कवर.

पाठवलेल्या मेलची गत तर आणखी वाईट. तो समोरच्याच्या इनबॉक्समध्ये तरी असेल, असं आपण धरून चालतो. समोरच्याचं अकाउंट बंद झालं की उरतं फक्त आपलं सेंट आयटम्स.

त्यात ही घरं भाड्याची! दर अकरा महिन्यांनी नाही, पण दर काही वर्षांनी मालक 'खाली करा' म्हणतोच. युडोरा हा कधीकाळचा लाडका प्रोग्राम स्टीव्ह डॉर्नरने १९८८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लिहिला आणि युडोरा वेल्टी या लेखिकेचं नाव त्याला दिलं. तो संपला. २०१८ साली त्याचा सोर्स कोड खुला झाला तोही कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडून. म्युझियम! आउटलुक एक्स्प्रेस १९९७ साली आलं, विंडोज एक्सपीबरोबर थांबलं. मग विस्टाचं विंडोज मेल, मग विंडोज लाइव्ह मेल, तेही २०१७त बंद. विंडोज १०मधलं मेल अ‍ॅप २०२४च्या अखेरीस गेलं. शिफ्टिंग काही चुकत नाही.

पहिली फेरी: पोपट

शनिवारी ईट गाठलं. कॉम्प्युटर सुरू झाला, हे पहिलं आश्चर्य. घड्याळात तारीख होती २००२ सालची, कारण मदरबोर्डवरचा सेल कधीच मेला होता. घाबरू नका, मेलची तारीख मेलच्या आतच लिहिलेली असते. ती बदलत नाही.

आउटलुक एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची एक फाइल असते, डीबीएक्स नावाची. ती अशा लपवलेल्या जागी असते की शोधून शोधून जीव जावा. (सोपा रस्ता: टूल्स, ऑप्शन्स, मेन्टेनन्स, स्टोअर फोल्डर. पूर्ण पत्ता तिथे दिसतो.) मी सगळ्यात मोठी फाइल, म्हणजे इनबॉक्स, पेनड्राइव्हवर घेतली, मामींच्या हातची भाकरी खाल्ली आणि रविवारी संध्याकाळी पुण्यात हजर. एकदम सही.

लॅपटॉपवर थंडरबर्ड उघडलं. हा फुकट मिळणारा प्रोग्राम, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ची. त्याला डीबीएक्स दाखवली. त्याने ढुंकून पाहिलं नाही. त्याची भाषा एमबॉक्स: साधी मजकुराची फाइल, एकाखाली एक मेल. डीबीएक्स ही मायक्रोसॉफ्टची खासगी मोडी लिपी.

आणि तेव्हाच लक्षात आलं, मी आणला होता इनबॉक्स. म्हणजे दादाची पत्रं. आजी होती सेंट आयटम्समध्ये. आजी ईटलाच राहिली होती.

रात्री साडेदहाला मामांना फोन. 'मामा, भंगारवाल्याला थांबवा.' मामा शांतपणे म्हणाले, 'मला वाटलंच होतं. डबा घरी आणून ठेवलाय.'

दुसरी फेरी

पुढच्या शनिवारी गृहपाठ करून गेले. जुनं घर आणि नवं घर एकाच छताखाली असताना सामान हलवणं सोपं. म्हणून थंडरबर्ड त्या जुन्या कॉम्प्युटरवरच टाकायचं ठरवलं. आजचं थंडरबर्ड एक्सपीवर चालत नाही, शेवटचं चालतं ते ५२ नंबरचं. ते पुण्यात डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेलं, कारण एक्सपीचा ब्राउझर आता बहुतेक साइट उघडत नाही.

आउटलुक एक्स्प्रेस बंद करताना त्याने विचारलं, जागा वाचवण्यासाठी मेल कॉम्पॅक्ट करू का? नाही बाबा. कॉम्पॅक्ट करताना फाइल नव्याने लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर सगळंच मुसळ केरात. आधी सगळ्या डीबीएक्स फाइलींची कॉपी काढली, मग थंडरबर्डमध्ये टूल्स, इम्पोर्ट.

हिरवी पट्टी सरकली. झालं. मामा म्हणाले, 'मोज.' टायपिंगवाल्याची सवय, पानं मोजून पैसे घेणारा माणूस. मोजले. जुन्या सेंट आयटम्समध्ये ३६७, नव्यात ३६१. सहा मेल रस्त्यात पडले होते. पुन्हा जुना प्रोग्राम उघडला, यादी ताडून पाहिली, ते सहा सापडले. माउसने ओढून डेस्कटॉपवरच्या फोल्डरात टाकले. असं केलं की प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल होते आणि ती जवळजवळ कुठेही उघडते. मग थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मधल्या बिननावाच्या शेपटीच्या, म्हणजे एक्स्टेन्शन नसलेल्या, फाइली उचलून माझ्या लॅपटॉपवरच्या त्याच फोल्डरात ठेवल्या.

लॅपटॉपवर आजीचा पहिला मेल उघडला आणि समोर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांची भेळ!

मामा हसले. 'शिवाजी फॉण्ट टाक की.' लग्नपत्रिका, अर्ज, सगळं ते त्याच फॉण्टमध्ये टाइप करायचे. युनिकोड अंगवळणी पडण्याआधी मराठी अशीच लिहिली जायची. फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरंच, वर मुखवटा मराठीचा. फॉण्ट नसला की मुखवटा गळून पडतो. जुन्या कॉम्प्युटरमधून फॉण्टची फाइल घेतली, लॅपटॉपवर टाकली, मेलला स्वतःचे फॉण्ट वापरायची परवानगी थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये दिली. आणि आजी बोलायला लागली.

'म्हैस व्यायली. रेडी झाली. तुझी माय आजून डब्यात भाकरी जास्ती बांधती, तू हायेस असं समजून. लिव्हलंस का रं? वाच बगू.'

शेवटची दोन वाक्यं दादासाठी नव्हती, मामांसाठी होती. मामांनी तीही टाइप केली होती. पहिल्यांदा चुकून, नंतर मुद्दाम. जवळजवळ प्रत्येक मेल तसाच संपतो. २०१३च्या उन्हाळ्यातल्या, दुष्काळाच्या मेलातही टँकर, चारा, छावणी आणि शेवटी 'वाच बगू'.

न पोचलेलं

मग एक मेल निघाला फेब्रुवारी २००९चा. मंदीत दादाची नोकरी गेली होती. त्याने शेवटच्या दिवशी ऑफिसमधून घरी मेल टाकला होता: नोकरी गेली, काय करू कळवा. दोन दिवसांनी आजीचं उत्तर:

'नौकरी गेली तर गेली, हातपाय गेले न्हाईत. इमानाला पैशे नसतील तर सांग, म्हैस इकू. लाजू नगंस. ये. लिव्हलंस का रं? वाच बगू.'

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि हे वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'हा मेल मला आलाच नाही.'

येणार कसा? त्याचं अकाउंट त्याच संध्याकाळी बंद झालं होतं. घरून उत्तर आलं नाही, म्हणजे घरचे नाराज, असं समजून त्याने महिनाभर फोन केला नाही. मस्कतला दुसरी नोकरी धरली, मगच केला. इकडे मामांना वाटलं, पोरानं वाचलं आणि येणं टाळलं. पुढे सोळा-सतरा वर्षं तो विषय कुणीच काढला नाही.

मी इनबॉक्स चाळला. त्याच तारखेला एक न उघडलेला मेल होता, पाठवणारा 'मेलर डेमन'. पत्र पोचलं नाही, असं कळवणारी सर्व्हरची चिठ्ठी.

'हे का नाही उघडलंत, मामा?'

'डेमन लिव्हलेलं. म्हणलं, व्हायरस असंल.'

आम्ही तिघंही हसलो. हसताना दादाने एकदा कॅमेरा बंद केला, मग पुन्हा चालू केला. विचारलं, 'कोणती म्हैस विकणार होती गं आजी?'

'भुरी,' मामा म्हणाले. 'पंधरा लिटरवाली.'

निघताना मामांनी कॉम्प्युटर भंगारात दिला, हार्ड डिस्क मात्र काढून घेतली. सगळे मेल माझ्या लॅपटॉपमध्ये आले, हे त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, 'बरं. आन् तुझा लॅपटॉप भंगारात गेल्यावर?'

उत्तर नव्हतं. आता आहे: एक प्रत माझ्याकडे, एक दादाकडे, एक ईटला. आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून छापलेली एक वही मामींच्या कपाटात. वहीला पासवर्ड लागत नाही.

चौकट: मेलचं शिफ्टिंग करताय?

• जुनं बंद करण्याआधी नवं सुरू करा. दोन्ही चालू असतानाच सामान हलवा.

• आधी मूळ फाइलींची कॉपी, मग प्रयोग. इनबॉक्सइतकंच सेंट आयटम्स, ड्राफ्ट्स आणि आपण बनवलेले फोल्डर महत्त्वाचे.

• दोन्हीकडचे मेल मोजा. जुन्यातला, नव्यातला आणि मधला एकेक मेल उघडून बघा, अटॅचमेंटसकट.

• जुनी मराठी असेल तर फॉण्टही सोबत न्या.

• जीमेलवाल्यांनो, गूगल टेकआउटमधून तुमचे मेल एमबॉक्स फाइलमध्ये मिळतात. वर्षातून एकदा उतरवून ठेवा.

• ऑफिसचा मेल ऑफिसचा. घरच्यांना तो पत्ता देऊ नका. दिला असेल तर राजीनाम्याच्या आधी नवा पत्ता कळवा. कुणाचं तरी 'ये' रस्त्यात अडकायला नको.