शेजार पाहून घर

मैत्रिणींनो, आपण घर बघायला जातो तेव्हा काय काय पाहतो? नळाला पाणी किती वेळ येतं, स्वयंपाकघरात उजेड आहे का, धुणं वाळत घालायला गॅलरी आहे का, शाळा आणि भाजीबाजार किती लांब. शेजारी कसे आहेत हे आपण जाता जाता विचारतो, तेही बहुधा सामान लावून झाल्यावर! मीसुद्धा लग्नानंतर तीन बिऱ्हाडं अशीच बदलली. पण गेल्या वर्षी मला एक बाई भेटल्या. त्यांनी आधी शेजार पाहिला आणि मग घर, आणि तोही चक्क वही घालून!

झालं असं, की माझ्या धाकट्या जावेचं बाळंतपण होतं. ती अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या कोलंबिया या गावी राहते. तिच्या आईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, सासूबाईंचे गुडघे दुखरे. मला शाळेची मे महिन्याची सुट्टी होती, तेव्हा डिंकाचे लाडू बांधून मीच निघाले.

तिच्या खालच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय बाई राहतात. आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आणि घरात कमावती व्यक्ती ती एकटीच. रुग्णालयात रक्ततपासणीच्या विभागात नोकरी. आमची ओळख झाली टपालपेट्यांपाशी. त्या गावात घरोघरी पेट्या नाहीत, सगळ्यांच्या पेट्या एका जागी ओळीनं बसवलेल्या. टपाल घ्यायला गेलं की कुणी ना कुणी भेटतंच. मला वाटलं, खर्च वाचवायला केलं असेल. तर त्या हसून म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी रोज भेटावं म्हणूनच तशा बसवल्यात!"

हे गाव मुळात ठरवून वसवलेलं आहे. जेम्स राउज नावाच्या गृहस्थांनी ते १९६७ साली सुरू केलं. त्या काळी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या वेगवेगळ्या असत. राउज यांनी पहिल्यापासून ठरवलं, की इथं घर कुठल्याही वर्णाच्या माणसाला मिळेल, आणि बेताच्या मिळकतीच्या माणसांनाही जागा असेल. निरनिराळ्या पंथांची प्रार्थनासुद्धा एकाच इमारतीत होईल अशी सोय केली.

या बाई आधी दुसऱ्या राज्यात एका लहान गावी होत्या. घर मोठं, भाडं कमी, अंगण छान. पण वर्गात त्यांचा मुलगा एकटाच कृष्णवर्णीय. एकदा पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी एका बाईनं त्याला अडवलं. "तू इथलाच का?" असं विचारलं. त्याच्या पुढची गोरी मुलं न विचारता आत गेली होती. पोर तेव्हा सात वर्षांचं. घरी येऊन त्यानं एवढंच विचारलं, "आई, आपण इथलेच ना?" त्या रात्री बाईंनी वही उघडली.

आपल्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी गाव सोडतं का? पण यामागं मोठा इतिहास आहे. अमेरिकेत पूर्वी अशी कितीतरी गावं होती, जिथं सूर्य मावळल्यावर काळ्या माणसानं थांबायचं नाही, अशी वेशीवर पाटी असे. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं १९३६ पासून एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. कुठल्या गावी कुठलं हॉटेल, कुठला पेट्रोलपंप, कुठलं केशकर्तनालय आपल्या माणसांना आत घेतं, याची ती यादी. पुढं तीसएक वर्षं ती निघत राहिली. 'ग्रीन बुक' म्हणून ती प्रसिद्ध आहे. या बाईंचे आजोबा ती मोटारीत ठेवत. "माझी वही म्हणजे त्याच पुस्तकाची नात," असं त्या म्हणाल्या.

घरांच्या बाबतीतही तेच. १९३० नंतरच्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं दाखवल्या गेल्या, आणि तिथं घरकर्ज मिळणं कठीण झालं. १९६८ च्या एप्रिलमध्ये डॉ. मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरात वर्णावरून घर नाकारायला बंदी घालणारा कायदा आला. १९७४ साली त्यात स्त्री-पुरुष भेदाची भर पडली. १९८८ साली लहान मुलं आहेत म्हणून घर नाकारणंही बेकायदा ठरलं. एकट्या आईला या शेवटच्या कलमाचा केवढा आधार!

पण कायद्यानं दार उघडतं, दारातलं हसू नाही. आणखी गंमत ऐका. घरं दाखवणाऱ्या दलालाला विचारलं, की "इथं आमच्यासारखी कुटुंबं रमतात का?" तर तो उत्तरच देत नाही. पूर्वी दलाल काळ्यांना एका वस्तीकडे आणि गोऱ्यांना दुसऱ्या वस्तीकडे वळवत, त्याला आता बंदी आहे. म्हणून वस्तीत कोण राहतं यावर ते बोलायलाच धजत नाहीत. नियम चांगल्यासाठीच, पण माहिती ज्याची त्यानं काढायची.

ती या बाईंनी कशी काढली, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. मी केलेले पोहे त्यांना फार आवडले, हेही जाता जाता सांगते! त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, उरलेलं जाऊ समजावून सांगायची.

वहीत पहिला प्रश्न घराचा नव्हता. तो होता, "मुलाला शाळेत ताप आला आणि मी कामावर असले, तर अर्ध्या तासात त्याला कोण आणेल?" ज्या गावासाठी या प्रश्नापुढं नाव लिहिता आलं नाही, ते गाव यादीतून खोडलं. एकट्या बाईनं हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असं त्यांचं ठाम मत.

दुसरा प्रश्न शाळेचा. निकालाचे टक्के त्यांनी पाहिले, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शिक्षकांत कृष्णवर्णीय किती, आणि शिक्षा म्हणून काही दिवस घरी बसवलेल्या मुलांत कृष्णवर्णीय किती, हे पाहिलं. शिक्षेचे असे आकडे तिकडं सरकार शाळावार प्रसिद्ध करतं. देशभर पाहिलं तर गोऱ्या मुलांपेक्षा काळ्या मुलांना ही शिक्षा जास्त होते. २०१७ साली तिथल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलाला तिसरी ते पाचवीत एक जरी आपल्या वर्णाचा शिक्षक लाभला, तरी त्याचं पुढं शाळा सोडण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, त्यामुळं हे ऐकून मी गप्पच झाले. वर्गात पुढं उभं राहणारं माणस आपल्यासारखं दिसणं, याचा आपण कधी विचार केलाय?

तिसरा प्रश्न केसांचा. हसू नका! त्यांच्या घट्ट कुरळ्या केसांची निगा निराळी. वेण्या घालणारी, मुलाचे केस नीट कापणारा न्हावी, लागणारी तेलं आणि मलमं ठेवणारं दुकान गावात असलं, की समजावं आपली माणसं इथं पाहुणी नाहीत, मुक्कामाला आहेत. शिवाय केशकर्तनालयात तासभर बसलं की गावाची खरी हकिगत कळते, जी दलाल सांगत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे गावाला तीन वेळा भेट. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा शुक्रवारी संध्याकाळी, एकदा रविवारी. आणि मुलांना घेऊन. बागेत बाकावर बसायचं आणि पाहायचं. वेगवेगळ्या वर्णांची मुलं एकत्र खेळतात, की नुसती एका बागेत असतात? आपण बसलो की शेजारची आई पिशवी जवळ ओढते, की सरकवून जागा करते?

वहीत मोठी मोठी नावं होती. शिकागोजवळचं ओक पार्क होतं. तिथं १९६८ सालीच गावानं घरांत भेदभाव नको असा ठराव केला, आणि १९७२ साली सर्व वर्णांच्या लोकांनी शेजारी राहावं म्हणून घरं शोधून देणारं केंद्र सुरू झालं. क्लीव्हलंडजवळचं शेकर हाइट्स होतं. तिथल्या लडलो भागात काळी कुटुंबं आल्यावर गोरी निघून जाऊ लागली, तेव्हा १९५७ साली दोघांनी मिळून मंडळ काढलं आणि गळती थोपवली. प्रिन्स जॉर्जेस परगणाही होता. तिथं कृष्णवर्णीयच बहुसंख्य, आणि सुस्थितीतली घरं पुष्कळ. एकाकी वाटण्याचा प्रश्नच नाही.

शेवटी कोलंबिया ठरलं ते कशामुळं? मावशी अर्ध्या तासाच्या अंतरावर, म्हणून! पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळालं. इथं भाडं जास्त, म्हणून मोठ्या घराऐवजी दोन खोल्यांवर भागवलं. "इथंही सगळं गोड नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलाला इथं कुणी 'तू इथलाच का' असं विचारत नाही."

मग जरा थांबून त्यांनी जे सांगितलं, ते मला विसरता येत नाही. "आज तो लहान आहे. सगळे त्याला गोड म्हणतात. पाच-सहा वर्षांत तो माझ्यापेक्षा उंच होईल. संध्याकाळी रस्त्यानं चालत येताना त्याला पाहून लोक घाबरतील. तोवर या गल्लीतल्या प्रत्येकानं त्याला नावानं ओळखायला हवं. त्यासाठी मी भाडं भरते."

मैत्रिणींनो, माझ्या हातातला चहा निवला.

परतताना विमानात मला राहून राहून दोन गोष्टी आठवत होत्या. एक म्हणजे डॉ. आंबेडकरांची. परदेशात शिकून १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले, आणि जात कळताच लोक काठ्या घेऊन आले. एवढा विद्वान माणूस, पण डोक्यावर छप्पर नाही. घर नाकारणं आपल्याकडं परकं नाही.

दुसरी गोष्ट माझी. मी अमेरिकेला निघायच्या महिनाभर आधी आमच्या वरचा ब्लॉक रिकामा झाला होता. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन पाहायला आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. मालकांनी आम्हाला विचारलं. कुणीतरी म्हणालं, "एकटी बाई, उगाच कटकट नको." मी काही बोलले नाही. पाणी दिलं, हसून निरोप दिला, आणि गप्प बसले. जिना उतरताना त्यांची मुलगी आमच्या झोपाळ्याकडं वळून पाहत होती. त्यांच्याही मनात एक वही असेल, आणि आमच्या घराच्या नावावर त्यांनी त्याच दिवशी काट मारली असेल.

गेल्या महिन्यात तो ब्लॉक पुन्हा रिकामा झाला. मालक विचारायला आले तेव्हा मी 'ह्यांच्या'कडं न बघताच सांगितलं, "भाडं वेळेवर देणारं कुणीही चालेल. एकटी बाई असली तर आधी आमच्याकडं चहाला पाठवा." हे पेपर खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले!

तुमच्यापैकी कुणाला मुलांना घेऊन एकटीनं नव्या गावी बिऱ्हाड करायची वेळ आली, तर वहीतले ते चार प्रश्न जरूर विचारा. अडीअडचणीला कोण धावेल, शाळेत आपल्यासारखं कोण आहे, आपल्या गरजेचं दुकान कुठं आहे, आणि बागेत बाकावर जागा कोण करून देतं. आणि ज्यांना कुठं जायचं नाही त्यांनी, कुणी आपल्याकडं घर बघायला आलं, तर नुसतं पाण्यावर पाठवू नका.