लाल टोपी, केशरी टोपी

गेल्या अंकातल्या सल्फोनिलयुरियावरच्या लेखाला पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती सिरिंजबद्दल. मजकूर थोड्याफार फरकाने एकच : पंचाहत्तरीचा रुग्ण, वर्षानुवर्षं इन्सुलिनच्या 40 च्या (मिलिला 40 युनिट) व्हायलवर. मुलाने शहरातून ग्लार्जिनची 100 ची व्हायल आणून दिली, सिरिंज मात्र घरातली जुनीच. पहाटे घामाने निथळणारा, असंबद्ध बरळणारा म्हातारा 'पॅरालिसिस' म्हणून दाखल होतो. ग्लुकोमीटर आठवतो तो सीटी स्कॅननंतर.

हिशेब तुम्हाला सांगायला नको, तरी मांडतो. लाल टोपीच्या, म्हणजे 40 च्या सिरिंजवर 16 ची खूण म्हणजे 0.4 मिलि. त्यात 100 चं इन्सुलिन भरलं की 40 युनिट गेले. उलट 40 ची व्हायल केशरी टोपीच्या, म्हणजे 100 च्या सिरिंजने ओढली तर 16 च्या जागी जेमतेम साडेसहा. साखर चढते, आपण डोस वाढवतो. आणि दुकानदार ज्या दिवशी लाल टोपी देतो त्या दिवशी तोच वाढवलेला डोस पुरता अंगात जातो. टोपी एकदा फेकली की रंगाची खूणही गेली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बारीक आकडे कोण वाचणार?

ब्रिटनने 1983 मध्ये सगळा देश 100 वर आणला. आपल्याकडे 40 ची व्हायल आणि 100 ची पेनं अजून एकाच फ्रिजच्या दारात नांदतात. 'एकदम बदललं तर गोंधळ होईल' हे सरकारी साहेबांचं ठरलेलं उत्तर. मग सध्या जे चाललंय त्याला काय म्हणायचं?

पण आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. चिठ्ठीवर अजून '4U' लिहिणारे आहेत. घाईतला U शून्य दिसतो आणि 4 चे 40 होतात. 'युनिट' हा शब्द लिहायला किती शाई लागते? 78 वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन 1.4 पाहून 'थोडंसंच वाढलंय' म्हणायचं, तिचा ईजीएफआर चाळिशीच्या खाली आहे आणि इन्सुलिन रेंगाळणार, हे विसरायचं. वर एचबीए1सी 6.4 आलं की शाबासकी! पडणाऱ्या, विसरणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला आठच्या आसपास राहू द्या.

या महिन्यात इन्सुलिनवरच्या सत्तरीपुढच्या प्रत्येकाला फ्रिजमधली पिशवी घेऊन बोलवा. तुमच्यासमोर डोस भरायला लावा. व्हायल आणि सिरिंज जुळत नसेल तर रुग्णाचं नाव वगळून, वय, दोन्हींवरचे आकडे आणि काय झालं ते पोस्टकार्डावर कळवा. अन्न व औषध प्रशासनाकडे गठ्ठा घेऊन आम्ही जातो. तुमचं कार्ड 20 तारखेच्या आत हवं.