अपघातालाही कारण असते

संस्थेच्या स्मरणिकेत वाटचालीचा आलेख यावा, निकालांची टक्केवारी यावी, देणगीदारांचे ऋण मानले जावे, हे सर्व योग्यच आहे. परंतु निवासी शाळेचे मोठेपण मोजण्याचे आणखी एक माप आहे आणि त्याचा उल्लेख अशा ग्रंथांत क्वचितच होतो. आईबापांनी जूनमध्ये विश्वासाने सोपवलेले मूल मे महिन्यात धडधाकट घरी परतते की नाही, हे ते माप होय. या लेखात आम्ही त्याविषयीच चार शब्द मांडू इच्छितो.

मुलांच्या मरणाविषयी आपल्या समाजात दोन वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात. मूल गोवराने किंवा हगवणीने गेले तर आपण त्यास रोग म्हणतो. लस, औषध, पाणी यांचा विचार करतो. मूल विहिरीत पडून, साप चावून किंवा भाजून गेले तर मात्र 'अपघात झाला', 'वेळ आली होती' असे म्हणून गप्प बसतो. पहिल्या मरणाचे कारण शोधले जाते, दुसरे नशिबाच्या खात्यावर टाकले जाते. हा भेद शास्त्राला मान्य नाही. हार्वर्ड विद्यापीठातील जॉन गॉर्डन यांनी १९४९ मध्येच दाखवून दिले होते की, दुखापतींनाही साथीच्या रोगांप्रमाणे काळ, स्थळ आणि वय यांचे नियम असतात. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकाने तर आपल्या पानांतून 'अपघात' हा शब्दच वर्ज्य करण्याचे ठरवले. कारण जे टाळता येते त्यास दैवाचा खेळ समजण्याची सवय त्या शब्दामुळे लागते.

या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या बांगलादेशात आढळते. ढाक्यात १९६० मध्ये कॉलरा संशोधनाची प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथील कामातून आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी केलेल्या वापरातून मीठ-साखर-पाण्याच्या साध्या द्रावणाचे सामर्थ्य जगाला कळले. छावणीत कॉलऱ्याने सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते. द्रावण मिळालेल्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे लसीकरण गावोगाव पोहोचले आणि संसर्गाने मरणारी मुले कमी होत गेली.

परंतु त्याच प्रयोगशाळेच्या संशोधकांनी मतलब नावाच्या ग्रामीण भागात १९६६ पासून प्रत्येक जन्माची व मृत्यूची घरोघर नोंद ठेवली होती. त्या नोंदींतून एक नवे सत्य समोर आले. रोग मागे हटले, तसा एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत पाण्यात बुडण्याचा वाटा वाढत वाढत सर्वांत मोठा झाला. बुडणारी मुले पूर्वीही होतीच. रोगांच्या गर्दीत ती दिसत नव्हती. २००३ साली तेथे देशव्यापी पाहणी झाली. डॉ. फझलुर रहमान, डॉ. अमिनुर रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. बहुतेक लहान मुले घरापासून हाकेच्या अंतरावरील डबक्यात किंवा तळ्यात बुडतात आणि तीही सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, हे त्यातून स्पष्ट झाले. त्या वेळी आई स्वयंपाकात व कामात असते, बाप शेतावर असतो, मोठी भावंडे शाळेत असतात.

कारण कळले तेव्हा उपायही हाती आला. गावातल्याच एका बाईकडे सकाळच्या या वेळेत वीस-पंचवीस मुले सांभाळायला देण्यात आली. या पाळणाघरांचे नाव 'आँचल', म्हणजे पदर. चार वर्षांवरील मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून पोहणे शिकवण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाळणाघरातील मुलांच्या बुडण्यात ८० टक्क्यांहून अधिक, तर पोहणे शिकलेल्या मुलांच्या बुडण्यात ९० टक्क्यांहून अधिक घट झाली. महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही. केवळ योग्य वेळी योग्य जागी एक जबाबदार माणूस. याच देशाने पुढाकार घेतल्यामुळे २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस ठरवला. त्या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या महाराष्ट्रातही याच जातीचे काम झाले आहे. महाड हे नाव आपणा सर्वांच्या मनात चवदार तळ्याशी जोडलेले आहे. त्याच महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले तडफडून मरत होती. मांत्रिकाकडे नेणे हाच उपाय आणि मरण हेच प्राक्तन, अशी समजूत होती. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करीत राहिले. विषामुळे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी 'प्राझोसिन' ही स्वस्त गोळी त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी योजली आणि १९८६ मध्ये हे अनुभव 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावी राहून, नोंदवही हाती घेऊन जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणावरून अवश्य शिकावे.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. निवासी शाळांतील बहुसंख्य मुले शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवर राबणारे मजूर अशा घरांतून येतात. त्यांना वसतिगृहात अन्न, अक्षर आणि आधार मिळतो. परंतु शंभर-दीडशे मुले एका छताखाली राहतात तेथे रोग आणि दुखापत या दोहोंची वाट सोपी होते. खरूज एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जाते. पाण्याची एक टाकी दूषित झाली की काविळीची साथ येते. गोवराची एक लस चुकली की अनेक मुले आजारी पडतात. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच बहुधा चावतो आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली आणि त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती, असा संशोधकांचा अंदाज आहे. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एकाच वेळी मण्यार आणि मलेरिया या दोघांनाही अडवते, ही गोष्ट किती व्यवस्थापने ध्यानात घेतात?

कुत्र्याचा चावा हे तर दुखापत आणि संसर्ग यांच्या संगमाचेच उदाहरण. संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे व वेळेवर लस घेणे, एवढ्याने जीव वाचतो. आजाराची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र इलाज जवळजवळ उरत नाही. घरी मूल आईला सांगते. वसतिगृहात ते कोणाला सांगणार? 'कुंपणाबाहेर गेलास कशाला?' असा दरडावणीचा प्रश्न येणार, या भीतीने मूल चावा लपवते. अशा वेळी शिस्तीचा धाकच जीवघेणा ठरू शकतो. इजा सांगणाऱ्या मुलाला प्रथम उपचार मिळावा. नियमभंगाचा विचार नंतर व्हावा किंवा होऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक निवासी शाळेने एक नोंदवही ठेवावी. कोणते मूल, किती वाजता, कोठे, कशाने जखमी वा आजारी झाले आणि पुढे काय केले, एवढे पाच रकाने पुरेत. तीन महिन्यांनी ती वही उघडली की जिन्याची कोणती पायरी मुलांना पाडते, कोणत्या दिवसांत जुलाब वाढतात, रात्रीच्या कोणत्या वेळी दारापाशी कोणीच नसते, हे वहीच सांगेल. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेइतक्याच काळजीने लसीकरणाचे कार्ड तपासावे. विहिरीला झाकण असावे आणि जेथे सुरक्षित पाणी व जाणता शिक्षक असेल तेथे मुलामुलींना पोहणेही शिकवावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. खाटा आणि मच्छरदाण्यांना पैसा लागतो, हे खरे. परंतु प्रवेशद्वाराची कमान आणि सभागृहाचे सुशोभीकरण यांसाठी देणगीदार मिळतात, तर यासाठी का मिळू नयेत? माजी विद्यार्थ्यांनी आपल्या तुकडीच्या नावे एका खोलीच्या खाटा दिल्या, तर त्याहून उचित स्मारक कोणते? दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अपघात लिहून ठेवले तर संस्थेचे नाव खराब होईल, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस याच्या उलट वाटते. ज्या शाळेच्या वहीत एकही इजा नाही, तेथे इजा होत नाहीत असे कोणताही जाणता पालक मानणार नाही. तेथे त्या लिहिल्या जात नाहीत, एवढेच तो समजेल. पालक सभेत ही वही मोकळेपणाने वाचून दाखवणारी संस्था विश्वासास अधिक पात्र ठरेल.

मतलबच्या नोंदवह्या आणि बिरवाडीच्या टिपणांतून आम्ही हाच बोध घेतो की, मरण मोजले गेले तरच ते टाळता येते. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात निकालाच्या तक्त्याशेजारी या वहीचा गोषवाराही छापला जावा, अशी आमची संस्थाचालकांस, शिक्षकांस व पालकांस नम्र विनंती आहे.